मननाची वीस मिनिटं

अंतराळस्थानकाच्या वेळापत्रकात स्पष्ट छापलंय: अकरा दहा ते साडेअकरा, पृथ्वीदर्शन आणि मनन. मनन म्हणे! जेवायची वेळ ठरवून दिलीय तशी भारावून जायचीही. नंतर तीन परिच्छेद लिहून खाली पाठवायचे. त्यात ‘वरून सीमा दिसत नाहीत’ हे आलंच पाहिजे, असं जनसंपर्कवाल्या साहेबांनी बजावलंय.

बसले खिडकीशी. बसले कसली, पट्ट्यात पाय अडकवून तरंगत राहिले. पृथ्वी सुंदर आहे, खोटं कशाला बोलू? पहिल्या दिवशी तर मी रडले होते. इथे अश्रू गळतही नाहीत, डोळ्यालाच चिकटून बसतात. आज मात्र ढग नव्हते आणि खाली आमच्या गावाचं तळं आलं.

रंगाच्या कारखान्यापासून एक तपकिरी पट्टा तळ्यात शिरला होता. मोठी लेन्स लावून फोटो काढला. गावाला पाणी जिथून उपसतात, थेट तिथवर पोचलाय मेला!

माझा दादा त्याच तळ्याचं पाणी तपासायचा. तीन वर्षांपूर्वी त्याने हेच लिहून दिलं होतं. वरिष्ठांनी त्यालाच खोटं पाडलं, ‘नमुन्यात मीच गडबड केली’ अशा कबुलीवर सही मागितली. आणि सही कर म्हणून त्याच्या मागे हात धुवून कोण लागलं? मी! अंतराळवीर म्हणून माझी निवड शेवटच्या फेरीत होती, घरात भानगड नको होती. “कर ना सही, तुझं काय जातंय?” असं म्हणाले होते मी. त्याने सही केली आणि त्याची नोकरी गेली. आता तो पंप दुरुस्त करतो.

तीन परिच्छेदांत मी हेच लिहिलं, फोटो जोडला. अर्ध्या तासात साहेबांचं उत्तर आलं: “हे मनन नाही, निरीक्षण आहे. त्याचा फॉर्म वेगळा. कृपया भावना लिहाव्यात.”

माझं टाळकंच सरकलं. भावना हव्यात काय? लिहिलं: “संताप.” फोटो पुन्हा जोडला आणि या वेळी मेलच्या यादीतल्या एकूण एक माणसाला पाठवून दिला. करा काय करायचं ते!

संध्याकाळी घरी बोलायला दहा मिनिटं मिळाली. फोन दादानेच घेतला.

“दादा, मला दिसलं रे!” मी धडाधड सगळं सांगून टाकलं. “तूच खरं बोलत होतास. आता बघतेच तुला कोण खोटं म्हणतं!”

 

“स्वयंपाकघरात तुझ्या नाकासमोर त्या पाण्याची बाटली धरली होती मी, ठकू,” तो म्हणाला. “तेव्हा नाही दिसलं?”

“दादा, अरे...”

“आईला देतो फोन. नळाचं पाणी पिऊ नकोस म्हणून सांग तिला. माझं ऐकत नाही ती. तिलाही मी खोटारडाच वाटतो.”