ताईचे गाणे माझ्यातून गेले

मित्रांनो, माझे पूर्ण नाव मायक्रोफोन. पण एवढे लांबलचक नाव घ्यायला कुणाला वेळ आहे? मला सगळे नुसते 'माईक' म्हणतात. मी आता बराच जुना झालो आहे. माझ्या जाळीला पोचे पडले आहेत आणि अंगावरचा काळा रंग जागोजागी उडाला आहे. कान मात्र अजून तिखट आहेत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे मान खाली घालून बसलेल्या एका बाईने चिमट्याने माझ्या पोटात एक पातळसा पडदा बसवला. ती श्वास रोखून काम करत होती, कारण जोराने श्वास सोडला तरी पडदा उडून गेला असता. कुणी बोलले किंवा गायले की हा पडदा थरथरतो, आणि ती थरथर तारेतून पुढे जाते. एवढेच माझे काम. लोकांना वाटते की आवाज माझ्यात साठून राहतो. तसे नाही. सगळे माझ्यातून जाते, माझ्याजवळ काहीच उरत नाही.

तारुण्यात मी एका सभागृहात होतो. भाषणे ऐकली, बक्षीस समारंभ ऐकले, खोकले तर किती ऐकले! मग तिथे नवे माईक आले आणि माझी रवानगी जुन्या सामानाच्या दुकानात झाली. तिथे एका मोडक्या पंख्याशेजारी मी धूळ खात पडलो होतो. एके दिवशी एक भाऊ आणि बहीण दुकानात शिरले. बहिणीने मला उचलले, रुमालाने पुसले आणि म्हणाली, "हा चालेल."

तीच माझी ताई. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवायची आणि घरी येऊन गाणी करायची. शब्दही तिचे, चालही तिची. तिच्यामागे ना कुठली कंपनी होती, ना कुणी वशिल्याचा माणूस. होता तो फक्त धाकटा भाऊ. तो पाण्याच्या बाटल्या पोचवणारी गाडी चालवायचा, आणि उत्साह तर त्याच्या अंगात मावत नसे. ताईच्या नावाच्या चिठ्ठ्या तो बाटल्यांवर चिकटवी. गाडीत तिचीच गाणी लावी. चष्म्याच्या दुकानात आरशाशेजारी त्याने ताईच्या कार्यक्रमाचे पोस्टर लावले. नवा चष्मा घातलेला प्रत्येक जण नजर तपासायला तेच वाचायचा. धाकटा म्हणायचा, "बघ ताई, लोकांना नीट दिसायला लागलं की पहिलं तुझंच नाव दिसतं!" ताई हसायची.

रविवारी ती कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात गायची. मी तिच्यासमोर उभा असायचो. कपबशांचा आवाज चालू असे, पण एखादे कडवे असे येई की चमचे आपोआप थांबत. मित्रांनो, ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस.

घरात तिसरे माणूस म्हणजे त्यांचे बाबा. ते न्हावी होते. कात्री थांबेल, पण तोंड थांबणार नाही, अशी त्यांची ख्याती होती. आजारपणात त्यांच्या मेंदूला धक्का बसला आणि त्यांची वाचाच गेली. समोरचे सगळे कळायचे, पण शब्द ओठांपर्यंत येऊन मागे फिरायचा. मग ते खुर्चीच्या हातावर मूठ आपटायचे आणि डोळे मिटून घ्यायचे.

डॉक्टरीणबाईंनी ताईला सांगितले, "बोलता येत नसलं तरी अशा माणसांना कधीकधी गाता येतं. गाऊन बघा त्यांच्यासोबत."

म्हणून ताईने ते गाणे केले.

*दार लोटलंय नुसतं, कडी नाही लावली,*
*ये शब्दा सावकाश, घाई नाही कसली.*

चाल अगदी साधी होती, पाळण्याच्या झोक्यासारखी. ताईने कपड्यांचे कपाट उघडले आणि खोलीत आवाज घुमू नये म्हणून मला कोटांच्या मधोमध एका खिळ्याला टांगले. बाबांची खुर्ची शेजारी ओढली. ती रोज कामावरून आली की गायची आणि बाबा तिच्या ओठांकडे बघत बसायचे. कित्येक दिवस काहीच झाले नाही. मग एका संध्याकाळी ती 'ये शब्दा' म्हणून श्वास घ्यायला थांबली, आणि माझ्या उजव्या अंगाने एक जाड, गंजलेला आवाज आला, "सा... व... काश."

धाकटा स्वयंपाकघरातून धावत आला. "बाबा बोलले? काय म्हणाले?"

"सावकाश म्हणाले," ताई म्हणाली आणि रडायला लागली.

त्या दिवसापासून ती हे गाणे पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करू लागली. बाबांचे आणखी चार शब्द त्यात यावेत, असे तिला वाटे. संगणक जुना आणि गच्च भरलेला. त्यामुळे दर वेळी आधीचे पुसून त्यावरच नवे रेकॉर्डिंग चढायचे. बाकीची गाणी ती लोकांपुढे गायची, हे मात्र घरातच ठेवायची. "हे बाबांचं आहे. ते नीट झाल्याशिवाय बाहेर काढायचं नाही," असे तिने धाकट्याला बजावले होते.

पण काम करताना माणूस गुणगुणतोच. चष्म्याच्या दुकानात एक गृहस्थ काडी सैल झाली म्हणून आले होते. ते जाहिरातींना चाली लावायचे. ताईचे गुणगुणणे ऐकून ते म्हणाले, "सुंदर आहे हो! मला पाठवा. मी मोठ्या लोकांना ऐकवतो."

ताईने घरी येऊन सांगितले तेव्हा धाकटा जागचा उठलाच. "मग पाठवू या की!"

"थांब रे. आधी त्यावर नाव घालू. कुठे नोंद करतात तेही विचारू."

"अगं, नावाचं मागून बघता येईल! असा माणूस पुन्हा विचारणार आहे का? तू आयुष्यभर चष्मेच बसवणार का?"

ताई काही बोलली नाही. त्याला तो होकार वाटला. त्याने आपल्या फोनवरून गाणे पाठवून दिले. 'छान आहे, कळवतो,' एवढेच उत्तर आले. पुढे कुणी काही कळवले नाही. काही दिवसांनी धाकट्याचा फोन पाण्यात पडून कायमचा बंद झाला आणि त्यातले सगळे निरोपही गेले. त्याने नवा फोन घेतला आणि ती गोष्ट सगळेच विसरले.

मग एका दुपारी समोरच्या खोलीत टीव्ही चालू होता आणि माझ्या कानावर ओळखीची चाल आली. मला वाटले, ताई लवकर घरी आली. पण आवाज परका होता.

*दार लावलंय घट्ट, चिंता नाही उरली,*
*झोपा आता सावकाश, भीती नाही कसली!*

ती कुलपांची जाहिरात होती. मित्रांनो, माझ्या पडद्याने ती चाल इतक्या वेळा झेलली होती की खूण पटायला मला क्षणही लागला नाही. पण मी ओरडणार कसा? माझी तार गुंडाळून ठेवलेली होती, आणि ती लावलेली असती तरी मला स्वतःचा आवाज कुठे आहे?

ताईने संध्याकाळी ती जाहिरात पाहिली. ती टीव्हीसमोर उभीच राहिली. मग तिने संगणक लावला, होते तसे गाणे स्वतःच्या नावाने इंटरनेटवर टाकले आणि धाकट्याला म्हणाली, "लोकांना खरं काय ते कळू दे."

दुसऱ्या दिवशी ते गाणे तिथून गायब झाले. त्या जागी एक सूचना होती की हे संगीत दुसऱ्याच्या मालकीचे आहे आणि ताईने ते परवानगीशिवाय वापरले आहे. धाकट्याने ती वाचून दाखवली. त्याचा आवाज चिरकला. "ताई, तुझ्याच गाण्याची तू चोर?"

जाहिरातवाल्या गृहस्थांना ताईने फोन केला. ते म्हणाले, "अहो, साधी चाल आहे. अशा चाली हवेतच असतात. तुम्हालाही सुचली, मलाही सुचली." आणि फोन ठेवला.

शेवटी एक वकीलबाई भेटायला तयार झाल्या. त्यांनी गाण्याशी संबंध असेल ते सगळे घेऊन यायला सांगितले होते. म्हणून ताईने मलाही पिशवीत घातले आणि बाबांनाही सोबत नेले. वकीलबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"हे बघा, कायद्यानं गाणं करणाऱ्याचंच असतं. नोंद केली नसली तरी तुमचंच. पण ते आधी तुम्ही केलं, हे दाखवायला काहीतरी हातात हवं. पहिलं रेकॉर्डिंग?"

"पुसलं," ताई म्हणाली.

"पाठवलेला निरोप?"

धाकट्याने मान खाली घातली. "फोन गेला."

"कुणी साक्षीदार? घराबाहेरचा?"

ताईने नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात बाबांनी टेबलावर हात ठेवला. मी तिथेच ठेवलेला होतो, त्यांच्या बोटांना लागून. त्यांचा चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा ताठरल्या. "मा... मा..." त्यांना 'माझी मुलगी' म्हणायचे होते का 'माझे गाणे', मला कळले नाही. शब्द आला नाही. त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि मी घरंगळलो. वकीलबाईंनी मला पडता पडता धरले.

"राहू द्या, काका," त्या हळूच म्हणाल्या. "मला कळलं. पण मला कळून भागत नाही हो."

त्यांनी कंपनीला नोटीस पाठवली. उत्तर आले की चाल आमच्या संगीतकाराची आहे. पुढे लढायचे तर वर्षे जाणार होती, आणि हातात काही नव्हते. ताईने फाइल बंद केली.

धाकट्याने गाडीत गाणी लावणे सोडले. "मीच पाठवलं," असे तो सारखे म्हणायचा. ताई म्हणायची, "तू माझ्या भल्यासाठीच केलंस रे." तरी ते दोघे जेवताना एकमेकांकडे बघत नसत.

पण खरा घाव पुढे बसला. बाबा दिवसभर टीव्हीसमोर बसायचे आणि ती जाहिरात सारखी लागायची. एका संध्याकाळी ताई दारातून आत आली, तर बाबा गात होते. चक्क पूर्ण ओळ, एकही शब्द न अडखळता:

*दार लावलंय घट्ट, चिंता नाही उरली...*

ताईने हातातली पिशवी खाली ठेवली. ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "तसं नाही, बाबा. 'दार लोटलंय नुसतं.' म्हणा बघू." बाबांनी तिच्या ओठांकडे पाहिले, मनापासून प्रयत्न केला, आणि पुन्हा तीच जाहिरातीची ओळ म्हटली. मग मोठ्या आशेने तिच्याकडे बघत राहिले. इतके शब्द सलग बोलल्याबद्दल लेक आपल्याला शाबासकी देईल, असे त्यांना वाटत होते.

ताईने डोळे पुसले. त्यांचा हात हातात घेतला, आणि त्यांच्याबरोबर तेच परके शब्द गाऊ लागली. बाबा खुशीत येऊन ताल धरू लागले. कपाटाचे दार उघडे होते. मी कोटांच्या मधून ते सगळे ऐकत होतो.

मित्रांनो, त्यानंतर ताईने नवे गाणे केलेले नाही. माझ्या जाळीवर धूळ बसली आहे आणि माझ्या खिळ्यावर आता एक छत्रीही लटकते. मी तक्रार करत नाही. फक्त एवढेच मागतो की एखादे गाणे तुमच्या ओठांवर बसले तर ते कुणी केले, एवढे विचारा आणि त्या माणसाचे नाव घ्या. तुम्ही स्वतः काही केलेत, गाणे असो, गोष्ट असो वा चित्र असो, तर ते घराबाहेर पाठवण्याआधी त्यावर आपले नाव आणि तारीख घाला. पहिली प्रत पुसू नका, ती कितीही कच्ची असली तरी. आणि दुसऱ्याचे काही आवडले तर त्याला विचारून घ्या. मागितले असते तर मिळाले असते हो, ताई काही नाही म्हणणारी नव्हती.

परवा ताईने छत्री घ्यायला कपाट उघडले. तिने बोटाने माझ्या जाळीवरची धूळ पुसली, तोंड उघडले आणि मिटले. मग छत्री घेऊन ती कामावर गेली. मी वाट बघतो आहे. ती गायली तर मी ऐकेन. त्याहून जास्त मला काही करता येत नाही.