मात्लालनं वाटलेला मका

मी पाटा बोलतोय. काळ्या दगडाचा, तीन पायांचा. शोचिमिल्कोच्या तळ्यातल्या एका घरात, चुलीशेजारी माझी जागा होती.

पाथरवटानं मला घडवलं, होडीत घालून आणलं आणि सेन्तेवा लग्न होऊन आली तेव्हा तिच्यापुढं ठेवलं. माझ्यावर हात फिरवत ती म्हणाली, "खडबडीत आहेस रे. होशील गुळगुळीत. नाहीतरी मला जन्मभर तुझ्यापुढंच गुडघे टेकायचेत."

चुन्याच्या पाण्यात उकडलेला मका ती रोज माझ्यावर वाटायची. मडक्यात टाकण्याआधी मक्यावर हळूच फुंकर घालायची, त्यानं विस्तवाला घाबरू नये म्हणून. आमच्याकडं सगळ्याच बायका घालतात.

तिला मुलगी झाली, शोको. सुईणीनं तिची नाळ माझ्याजवळ पुरली. मुलीची जागा चुलीपाशी, असा रिवाज. शोको मोठी झाली तशी कुरकुरायला लागली. "पोरांची नाळ रणात पुरतात, अन् माझी या दगडाखाली!"

"मग घे तो दगड डोक्यावर अन् जा रणात," आई म्हणायची.

शोकोचा बाप मात्लाल तळ्यात गाळाचा भर घालून केलेल्या मळ्यात राबायचा. माझ्याजवळ तो कधी फिरकला नाही. पुरुषानं पाट्याला हात लावायचा नसतो.

मग समुद्रापलीकडून दाढीवाली माणसं आली आणि त्यांच्यामागून तो ताप आला. अंगभर फोड यायचे. कूस बदलली तरी माणूस किंचाळायचं. गल्लीतल्या बायका एकामागून एक आडव्या झाल्या. कणग्या मक्यानं भरलेल्या होत्या, पण वाटायला कुणी उरलं नाही. माणसं रोगानं मेली, तशी भुकेनंही मेली.

सेन्तेवा तापाच्या पाचव्या दिवशी गेली. शोको वाचली, पण फोडांनी तिचे दोन्ही डोळे नेले.

"बाबा, भूक लागलीय," ती म्हणाली.

मात्लाल चुलीपाशी आला. मग माझ्यापुढं गुडघ्यांवर बसला. वरवंटा कसा धरायचा हेही त्याला ठाऊक नव्हतं. बोटं चेंगरली, मका भुईवर सांडला.

शेजारचा म्हातारा कोस्का दारात आला. "मात्लाल, आता लुगडं तेवढं नेसायचं राहिलं!"

मात्लालनं मान वर केली नाही. "काका, पोरीला भूक लागलीय."

म्हातारा गेला. थोड्या वेळानं परत आला तो हातात रिकामा वाडगा घेऊन. "माझी म्हातारीपण उठत नाही रे," एवढंच बोलला.

मात्लालनं पेज शिजवली. शोकोनं एक घोट घेतला. "बाबा, हे वाटलंय की कुटलंय?"

मात्लाल हसला. कित्येक दिवसांनी हसला, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं.

"फुंकर घातली होतीस का?" तिनं विचारलं. "आई घालायची."

दुसऱ्या दिवसापासून तोही घालू लागला.

नऊ दिवस त्यानं साऱ्या गल्लीसाठी मका वाटला. गुडघ्यांची सालटी निघाली. दहाव्या दिवशी त्याचे हात माझ्यावर टेकले आणि मला चटका बसला. ताप होता. घरात मरण येणार असेल तर पाटा फुटतो, असं आमची माणसं मानतात. त्याला इशारा मिळावा म्हणून मी जिवाच्या आकांतानं फुटू पाहिलं. फुटलो नाही. तो वाटतच राहिला, आणि वाटता वाटता माझ्या अंगावर ओणवा झाला तो उठलाच नाही.

कोस्कानं त्याला बाजूला निजवलं. मेलेले इतके होते की पुरायला हात नव्हते. म्हणून उरलेली माणसं प्रेतांवर घरंच पाडत होती. म्हाताऱ्यानं शोकोचा हात धरला.

"चल पोरी."

"बाबा?"

"झोपलेत."

"आजोबा, माझे डोळे गेलेत. कान नाही गेले. त्यांचा श्वास ऐकू येत नाही."

म्हाताऱ्यानं तिचा हात सोडला. चाचपडत ती बापापाशी आली, त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हाताऱ्याबरोबर निघून गेली. पाठोपाठ छप्पर आमच्यावर कोसळलं.

आता वर चिखल आहे, लव्हाळ्यांची मुळं आहेत. मात्लाल माझ्या शेजारीच आहे. मला बाहेर काढा असं मी म्हणत नाही. पण त्यानं वाटलेला शेवटचा मका माझ्यावर तसाच राहिला होता. त्या दिवशी पोर उपाशीच गेली. पुढं तिला कुणी घास भरवला का, एवढं कुणी मला सांगाल?