डबा गप्प बसला तो रविवार

दिनानाथचा डबा आख्ख्या अंबरनाथला माहीत होता. जेवणाचा नव्हे बरं का, रंगाचा, पत्र्याचा, चांगला गुडघ्याएवढा. चंद्रप्रभा डाइंग या कापड रंगवायच्या कारखान्यात तो रंगखात्यात कामाला होता, आणि रविवारी कंपनीच्या फुटबॉल टीमची मॅच असली की रिकामा डबा गळ्यात अडकवून गोलच्या मागे उभा राहायचा. दोन काठ्या घेऊन तो असा बडवायचा की समोरच्या शहाडच्या टीमची पोरं रेफरीला म्हणायची, साहेब, ह्याला आधी घरी पाठवा, मग शिट्टी मारा. कुणी शहाणा विचारायचा, "अरे, डबा काय बडवतोस, हलगी घे की!" मग दिनानाथ तडकायचा. त्याच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरी आल्या आल्या हलगी चुलीत घातली. पोरांना बजावलं, चामडं हातात धरून कुणाच्या दारात वाजवायचं नाही. "पत्र्याला जात नसते," दिनानाथ म्हणायचा.

आता ह्या डब्यामागची खरी गोष्ट तिघांनाच ठाऊक होती. एक दिनानाथ, दुसरा गोलकीपर आनंदा, तिसरी आनंदाची बायको राजाबाई. दोघांच्या खोल्या एका चाळीत, भिंतीला भिंत. दोन वर्षांपूर्वी ब्लीचिंग खात्यात आनंदाच्या डाव्या डोळ्यात कॉस्टिक सोडा उडाला. डोळा वरून धडधाकट दिसायचा, पण आतून उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. आनंदानं ते कंपनीला सांगितलं नाही. कसं सांगणार? खेळाडू म्हणून लागलेला माणूस, खेळ गेला की नोकरी गेली. मग दिनानाथनंच तोड काढली. चेंडू डावीकडून यायला लागला की काठ्या घाईनं पडायच्या, तडतड तडतड. बाकी वेळ नुसता ठेका. लोकांना वाटायचं, दिनानाथला चेव आला. आनंदा तेवढ्यात डावीकडे झेप घ्यायचा आणि लोक म्हणायचे, काय नजर आहे गड्याची!

एकोणनव्वद साली थोरले शेठ वारले आणि धाकट्या शेठच्या हातात कारभार आला. त्यांना फुटबॉलचं काय कौतुक! इकडे बदलापुराकडे, पार सोनिवलीपर्यंत बिल्डिंगा उठायला लागल्या होत्या. जागेला सोन्याचा भाव. शेठनी ठरवलं, सीझन संपला की टीम बंद करायची आणि मैदान बिल्डरला द्यायचं. कामगारांचं डोकंच फिरलं. फिरणार नाही तर काय? थोरल्या शेठच्या वेळी त्याच मैदानावर पाळी सुटल्यावर बॉयलरची राख टोपल्या-टोपल्यांनी वाहून लोकांनी खड्डे बुजवले होते. बायका-पोरं राबली होती. कागद शेठचा असेल, पण मैदान आमचं, असं सगळे म्हणायला लागले.

शुक्रवारी पहिली पाळी सुटल्यावर गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर पन्नाससाठ जण जमले. रविवारी शहाडबरोबर मॅच होती आणि शेठ बिल्डरच्या माणसांना घेऊन येणार होते, जागा दाखवायला. कोंडाजी भोईर म्हणजे सगळ्यांचा पुढारी. चिखलोलीकडचा शेतकरी माणूस, आवाज असा की ओरडला तर कल्याणला ऐकू जावा. तो म्हणाला, "दगड नाय मारायचे. पोलीस आपल्यालाच नेतील. दुसरं काय ते सांगा."

आणि तेव्हा दिनानाथच्या अंगात आलं. तो बाकावर चढला.

"पाठ फिरवायची!" तो म्हणाला. "आख्खी मॅच मैदानाकडे पाठ करून बसायचं. टाळी नाही, शिट्टी नाही, आरडाओरडा नाही. गोल झाला तरी मान वळवायची नाही. शेठला पाहुण्यांसमोर आपल्या पाठी दाखवायच्या!"

"आणि तुझा डबा?" मागनं कुणीतरी विचारलं.

"डबासुद्धा गप्प!"

काय टाळ्या पडल्या म्हणता! कोंडाजीनं त्याला मिठीच मारली. चौदा वर्षं रंगात हात घालणाऱ्या माणसाला एवढं कौतुक कधी मिळालं होतं? दिनानाथ हवेत तरंगत घरी निघाला, आणि चाळीच्या नळाशी पोचल्यावर त्याला आनंदा आठवला.

आनंदा दारात बसून बुटांना खिळे ठोकत होता. दिनानाथनं सगळं सांगितलं. आनंदा ऐकून घेऊन म्हणाला, "चांगलं केलंत. मैदान वाचलं पाहिजे." आणि मग जरा वेळानं, "पण दिन्या, माझं कसं रे?"

"अरे, तुला सोडीन का मी? गोलच्या मागेच बसतो ना. मान जराशी वाकडी करून बघीन आणि बोटांनी वाजवीन. सगळे गप्प असतील, तुला टिचकीसुद्धा ऐकू येईल."

"लोकांनी बघितलं तर?"

"बघू देत! शब्द आहे माझा."

राजाबाई आतून म्हणाली, "भाऊजी, नक्की ना?"

"वहिनी, बाबासाहेबांची शपथ," दिनानाथ म्हणाला. ही शपथ त्यांच्यात कुणी उगाच घेत नाही.

रविवारी मैदानावर पाचसहाशे माणसं आली आणि शिट्टी वाजल्याबरोबर सगळ्यांनी पाठ फिरवली. असली शांतता त्या मैदानानं कधी बघितली नव्हती. बुटांचे आवाज, खेळाडूंचं धापा टाकणं, चेंडूचा धप्प, सगळं वेगवेगळं ऐकू येत होतं. मांडवात शेठ पाहुण्यांना सरबत देत होते, आणि पाहुणे विचारत होते, ये लोग ऐसे क्यों बैठे हैं? शेठचा चेहरा उतरला होता म्हणे. दिनानाथला तो दिसला नाही, त्याची पाठ होती.

पहिल्या हाफमध्ये गोलच्या मागे तो एकटाच होता. डबा मांडीवर. मान तिरकी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होता. विसाव्या मिनिटाला शहाडचा पोरगा डावीकडून घुसला आणि दिनानाथनं बोटांनी पत्रा वाजवला, तडतड तडतड. आनंदानं झेप घेतली, चेंडू छातीशी धरला. कुणाला कळलंसुद्धा नाही. आनंदा वळून हळूच हसला. दिनानाथला वाटलं, झालं, दोन्ही साधलं.

हाफटाइमनंतर बाजू बदलली. दिनानाथ डबा घेऊन पलीकडच्या गोलमागे गेला, तर तिथं कोंडाजी आणि आणखी तीसचाळीस जण आधीच पाठ करून बसलेले. कोंडाजीनं सरकून त्याला जागा दिली, अगदी आपल्या बाजूला.

"शेठ उठून उभा राहिलाय," तो कुजबुजला. "पाहुणे निघायच्या गोष्टी करतायत. दिनानाथ, जिंकलो आपण! तुझा डबा गप्प म्हणजे आख्खा अंबरनाथ गप्प!"

त्यानं प्रेमानं दिनानाथच्या पाठीवर थाप मारली. आजूबाजूचे हसले. दिनानाथही हसला.

आणि मग त्याला ऐकू आलं. डावीकडून, आनंदाच्या डावीकडून, बूट धावत येत होते. चौदा वर्षांचा कान त्याचा, चुकणार कसा? बोटं पत्र्यावर होती. आता वाजव, आता वाजव, मन ओरडत होतं. आणि शेजारी कोंडाजी त्याच्या तोंडाकडे बघत होता. लोक काय म्हणतील? ज्यानं सगळ्यांना गप्प बसवलं तोच फुटला? बाकावर चढून बोललेला तो हाच का? एवढा विचार करायला माणसाला किती वेळ लागतो? एक श्वास. तेवढाच वेळ होता आणि दिनानाथनं तो कोंडाजीला दिला. बोटं हलली नाहीत.

मागं काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला. मग शिट्टी. मग रेफरी ओरडला, पाणी, पाणी.

"कुणी वळायचं नाय!" कोंडाजी म्हणाला. "शेठची चाल आहे. आपल्याला वळवायला बघतायत."

कुणी वळलं नाही. दिनानाथला माहीत होतं ती चाल नव्हती. आख्ख्या मैदानात प्रेक्षकांतल्या त्या एकट्याला माहीत होतं. आणि तोही वळला नाही. लाज वाटते सांगायला, पण खोटं कशाला बोला? शेवटी शहाडचाच कॅप्टन धावत लोकांत आला आणि हिंदीत शिव्या घालत म्हणाला, "अरे, तुम्हारा आदमी मर रहा है और तुम पीठ फेरकर बैठे हो?" तेव्हा सगळे उठले. आनंदा गोलच्या खांबाशी पडला होता. शहाडच्या पोराचा गुडघा डाव्या कानशिलावर बसला होता. गालाचं हाड मोडलं होतं, कानातून रक्त येत होतं. त्याला खाटेवर घालून उल्हासनगरच्या हॉस्पिटलात नेलं.

मंगळवारी गेटवर नोटीस लागली. मैदान विकायचा विचार कंपनीनं सोडला आहे, टीम चालू राहील. बिल्डरची माणसं म्हणे बोलली होती, असल्या भांडणाची जागा आम्हाला नको. लोकांनी गुलाल उधळला. दिनानाथला खांद्यावर घेतलं, टपरीपासून गेटपर्यंत मिरवलं. "अरे सोडा रे, सोडा," तो म्हणत राहिला, आणि लोक म्हणाले, बघा, किती साधा माणूस आहे. रात्री त्यानं भरलं ताट तसंच बाजूला सारलं. भिंतीपलीकडे आनंदाची खोली बंद होती.

बुधवारी त्यानं धीर केला. हॉस्पिटलच्या जिन्यावर दोनदा मागं फिरला, तिसऱ्यांदा वर गेला. आनंदा खाटेवर उशीला टेकून बसला होता. डोकं, गाल, डावा कान, सगळं पट्ट्यांत. राजाबाई पायथ्याशी बसली होती. दिनानाथला बघून आनंदाचा अर्धा चेहरा हसला.

"ये, पुढारी! मैदान वाचलं म्हणे!"

दिनानाथ स्टुलावर टेकला. सगळं पाठ करून आला होता तो, पण सुरुवात राजाबाईनंच केली.

"डोळ्याची काळजी गेली बघा, भाऊजी," राजाबाई म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, डोळा ह्या मारानंच गेलाय. कंपनीच्या मॅचमध्ये लागलं म्हणून कंपनी टाइम ऑफिसात, हजेरीच्या कामाला, बसवायला तयार आहे. पण हे ऐकत नाहीत. राजीनामा लिहून ठेवलाय. उद्या साहेब आले की देणार."

"राजीनामा? का?"

आनंदानं उशीखालचा कागद काढला. "नोकरी कशी करू रे? कान गेलाय माझा, समोरचं बोलणं तेवढं कळतं. आता गेला असं नाही, आधीच गेला होता, मला पत्ता नव्हता. पहिल्या हाफमध्ये तुझी टिचकी ऐकू आली. दुसऱ्या हाफमध्ये तू वाजवलीस आणि मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मी तेवढ्याचीच वाट बघत उभा होतो." "कारखान्यात भोंगा झाला, वाफ सुटायची घंटा झाली, आणि मला ऐकू नाही आली तर? माझ्यापायी दुसरा कुणी भाजायचा. डोळ्याचं लपवलं ते लपवलं, त्यात माझंच काय ते जायचं होतं. हे नाही लपवायचं."

"पट्टी निघू दे, मग डॉक्टर तपासतील," राजाबाई म्हणाली. "एवढं तरी थांबा म्हणते मी."

"काय तपासायचंय? दिन्या वाजवीन म्हणाला म्हणजे वाजवणारच. त्यानं शपथ घेतली होती. मग राहिलं काय? कानच ना?"

दिनानाथला शिव्या ऐकायच्या होत्या, त्याची तयारी करून आला होता तो. ह्याची तयारी कुठून आणणार?

"आन्या," तो म्हणाला, "मी वाजवलाच नाही."

"काय?"

"डबा. वाजवलाच नाही मी. पोरगा येताना मला ऐकू आला होता. बोटं पत्र्यावर होती. शेजारी कोंडाजी बसला होता, आणि मी... लाजलो रे. लोक काय म्हणतील म्हणून लाजलो. आणि तू पडलास तेव्हाही मला कळलं होतं. तरी वळलो नाही."

आनंदा एका डोळ्यानं त्याच्याकडे बघत होता.

"वाजलाच नाही?"

"नाही."

"शप्पथ?"

"आता कुठल्या तोंडानं शपथ घेऊ? पण नाही वाजला. खरं सांगतो."

आनंदानं मोठा श्वास सोडला. आणि मग तो हसायलाच लागला. गाल दुखत होता, एका हातानं गाल धरून हसत होता, डोळ्यातून पाणी येत होतं. "राजा! ऐकलंस? अगं, कान शाबूत आहे माझा! वाजलाच नव्हता तर ऐकू कुठून येणार? वेडाच मी, तीन दिवस रडत बसलो!" त्यानं राजीनामा टराटरा फाडला आणि तुकडे खाटेखाली टाकले. "दिन्या, तू आज आला नसतास तर उद्या सही करून मोकळा झालो असतो रे. उपकार झाले बघ तुझे."

"आन्या, शिव्या तरी घाल रे."

"शिव्या कसल्या? नोकरी वाचवलीस माझी. राजा, चहा दे ह्याला."

राजाबाईनं थर्मास उघडला. दोन कप भरले. एक नवऱ्याच्या हातात दिला, दुसरा दिनानाथच्या समोर स्टुलाशेजारी जमिनीवर ठेवला. त्याच्याकडे एकदाच बघितलं आणि खिडकीकडे तोंड करून पाठमोरी बसली. आनंदा खुशीत होता, पुढच्या सीझनला गोलात कुणाला उभं करायचं ते सांगत होता. दिनानाथ हो हो म्हणत होता, आणि राजाबाई काही वळली नाही.