नऊ पौंडांचा फरक

मिस्त्री गाडी न्यायला येत नव्हता, आणि तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला तेवढं पुरेसं होतं.

बाबांना जाऊन दीड महिना झाला होता. जिना चढताना मधल्या पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. लांबच्या प्रवासांसाठी घेतलेली त्यांची मोठी मोटारसायकल जिन्याखाली जाड कापडाने झाकून ठेवलेली होती. दोन्ही अंगांना पेट्या, पुढे वारा अडवायला काच. शेवटचं वर्षभर त्यांनी ती जागची हलवली नव्हती. "खांदे गेले माझे. आता ही मिस्त्रीला द्यायची," असं ते आईला म्हणाले होते, आणि बाबांचा शब्द आईला काळ्या दगडावरची रेघ. तिने मिस्त्रीला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा उत्तर एकच: "बघतो, वहिनी. घाई काय आहे?"

"बारा वर्षं त्या गाडीवर जीव टाकत होता," मुलगी म्हणाली. "आता द्यायला निघालो तर घाई नाही?"

"तुला सगळीकडे वास येतो," आई म्हणाली. "बापावर गेलीस."

ते खोटं नव्हतं. बाबा वजनमाप खात्यात निरीक्षक होते. तेहतीस वर्षं त्यांनी लोकांचे तराजू तपासले, मापं तपासली, पेट्रोलपंपावरचं पेट्रोल आपल्या डब्यात मोजून पाहिलं. त्या घराचं पोट संशयावरच भरलं होतं. आईचा स्वयंपाकघरातला काटा, ताप मोजायची नळी, भिंतीवरचं घड्याळ, दर वर्षी सगळ्यांची झडती व्हायची. लहानपणी तिने एकदा विचारलं होतं, दुकानदार गडबड करतोय की काटाच बिघडलाय, हे कळतं कसं? "माणसाचा हात दर वेळी वेगळा चुकतो," ते म्हणाले होते. "काटा दर वेळी तेवढाच चुकतो." तिला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

रविवारी द्यायचीच म्हणून तिने गाडी पुसायला घेतली. टाकी झाली, काच झाली, पुढचं चाक पुसताना फडकं अडकलं. तिने हाताने पाहिलं. टायरची मधली नक्षी बऱ्यापैकी शाबूत होती, पण दोन्ही कडा पार गुळगुळीत झालेल्या, आणि मध्ये मध्ये खड्डे पडल्यासारखे. तळवा एका दिशेने फिरवला तर सरळ जायचा, उलटा फिरवला तर करवतीवरून जावा तसा खरखरायचा.

तिने बाबांची वही काढली. गाडीचं सगळं त्या वहीत असायचं, कोरीव अक्षरात. नवा पुढचा टायर बसवला तेव्हा गाडी एक्केचाळीस हजार दोनशे किलोमीटर चाललेली होती. आता मीटरवर सत्तेचाळीस हजार शंभर. म्हणजे सहा हजारही नाहीत. आधीचा टायर सोळा हजार चालला होता.

तर हे असं आहे, ती मनात म्हणाली. नव्याचे पैसे घेऊन जुना चढवला.

पण बाबा असे गाफील राहणारे नव्हते. टायरच्या अंगावरचा क्रमांक त्यांनी वहीत उतरवून ठेवला होता. ती टॉर्च घेऊन चाकापाशी उकिडवी बसली आणि एकेक अक्षर ताडून पाहिलं. क्रमांक तोच होता. टायर तोच होता. तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दीड महिन्यात पहिल्यांदाच तिला कोणावर तरी रागवता आलं होतं, आणि तो राग तिला इतक्यात सोडायचा नव्हता.

म्हणून तिने वही पुढे वाचली, आणि तिला हवं होतं ते सापडलं. सर्व्हिसिंगहून गाडी घरी आली की दुसऱ्या दिवशीची नोंद ठरलेली: "पुढे हवा छत्तीस पाहिजे. मिस्त्रीने जास्त भरली. कमी केली." दोन महिन्यांनी पुन्हा तेच. पुन्हा तेच. खाली केव्हातरी लिहिलेलं: "हँडल जड जातंय." मग: "वळणावर गाडी ओढावी लागते. वय." आणि शेवटची नोंद: "खांद्यांना झेपत नाही. पुरे."

त्या 'पुरे'वरून तिने बोट फिरवलं.

बाबांचा हवा मोजायचा गेज गाडीच्या पेटीतच होता. पितळी, गोल तबकडीचा, चामडी खोळीतला. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या वाढदिवसाला तिनेच पाठवला होता. तेव्हा त्यांनी जुना गेज पंक्चरवाल्याला देऊन टाकला होता आणि फोनवर एवढंच म्हटलं होतं, "काटा देखणा आहे." त्यांच्या तोंडून ही फार मोठी स्तुती होती. तिने गेज आणि वही पिशवीत टाकली.

मिस्त्रीचं गॅरेज दोन गल्ल्या सोडून होतं. साठीचा माणूस, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. एका मोपेडची साखळी घालत बसला होता. तिला पाहून तो उठला, हात पुसले, स्टूल पुढे केलं.

"बसा ताई. चहा सांगतो."

"नको. मिस्त्री, एक विचारायचंय." लहानपणापासून ती त्याला काका म्हणत आली होती. आज तिने तो शब्द गिळला, आणि ते त्याच्याही लक्षात आलं.

"विचारा."

"पुढचा टायर सहा हजारांत कसा गेला?"

तो जरा थांबला. "होतं असं कधी कधी."

"आधीचा सोळा हजार चालला."

"रस्ते खराब झालेत हल्ली."

"रस्ते काय फक्त बाबांच्याच चाकाखाली खराब झाले?"

तो हसला, पण नजर साखळीवरच. "साहेबांची मुलगी शोभता."

"तुम्ही पुढे हवा जास्त भरायचात. दर वेळी. इथे लिहिलंय."

"जास्त हवेने टायर मधोमध झिजतो, ताई. हा कसा झिजलाय? हात फिरवलात?"

मध्य शाबूत होता. कडा गेल्या होत्या. पण हा माणूस सराईत आहे, असल्या गोष्टी तोंडपाठ असणार. तिने वही उघडली. बाबांनी समासात बारीक आकडे मांडले होते. घरी तिने ते नीट पाहिले नव्हते.

"ऐका. मार्च, पुढे पंचेचाळीस पौंड, नऊ कमी केले. मे, पंचेचाळीस, नऊ कमी केले. ऑगस्ट, पंचेचाळीस…" पुढच्या ओळीवर तिचा आवाज मंदावला. "ऑक्टोबर, पंचेचाळीस. नऊ."

गल्लीतून कोणीतरी हॉर्न वाजवत गेलं.

दर वेळी नऊ. साडेआठ नाही, अकरा नाही. ढिसाळ माणसाच्या हातून कधी पाच जास्त जातात, कधी बारा. मुद्दाम करणाराही कधीतरी विसरतो. तिने वही मांडीवर मिटली. माणसाचा हात दर वेळी वेगळा चुकतो.

"तुमचा गेज कुठाय?" तिने विचारलं.

"राहू द्या ना, ताई."

"कुठाय?"

त्याने नाइलाजाने भिंतीवरच्या खिळ्यावरून आपला काळाकुट्ट गेज काढला. शेजारी त्या मोपेडचं चाक होतं. त्याच्या गेजवर बावीस. तिने खोळीतून पितळी गेज काढला, व्हॉल्व्हच्या तोंडावर दाबला. काटा डौलात चढला आणि एकतीसवर स्थिर झाला.

"तुमचाच चुकत असेल," ती म्हणाली. स्वतःलाही पटलं नाही.

मिस्त्रीने हाक मारून समोरच्या टायरवाल्याचा गेज मागवला. बावीस.

ती स्टुलावर बसली. म्हणजे बाबा दर वेळी त्याने भरलेली बरोबर हवा सोडून द्यायचे आणि सत्तावीसवर गाडी चालवायचे. कमी हवेचं पुढचं चाक कडांवर झिजतं आणि हँडल जड होतं. त्यांनी ते वयाच्या नावावर लिहून टाकलं.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"दुसऱ्या वेळी कळलं. मी म्हटलं, साहेब, तुमचा काटा जास्त दाखवतो, एकदा ताडून बघू. तर म्हणाले, तुझाच बघ आधी, तीस वर्षं खिळ्यावर लटकतोय." त्याने चष्मा काढून पुसला. "मी म्हटलं, तुम्ही जगाचे काटे तपासता, हा एक का नाही? तर म्हणाले, हा मुलीने दिलाय. विषय संपला."

"आईचा काटा दर वर्षी तपासायचे."

"ते वहिनींना सांगू नका."

तिला हसू आलं आणि ते अर्ध्यात अडकलं. त्याने तिच्याकडे न बघता साखळीची एक कडी उगाच फिरवली.

"मग मी आपला छत्तीस भरायचो, ते घरी जाऊन सोडायचे. मी भरायचो, ते सोडायचे. एकदा तर चाळीस भरली. दुसऱ्या दिवशी इथे येऊन फैलावर घेतलं मला."

तिने वही पुन्हा चाळली. पुढच्या जूनची एक ओळ: "एकोणपन्नास. तेरा कमी केले. मिस्त्रीशी बोललो."

"गाडी न्यायला का येत नव्हतात?"

"नेली की चाक खोलणार. खोललं की टायर बदलणार. तुम्ही विचारणार, का गेला. मी काय सांगू? तुमच्या गेजने?" तो थांबला. "आणि मला असंही वाटायचं, त्यांना धरून एकदा नीट सांगितलं असतं, तर ती गाडी त्यांनी सोडली नसती. मग ती माझी कशी झाली?"

तिने चहा प्यायला, तो मागवलाच होता त्याने.

रविवारी तो आला, सोबत पंप आणि नवा टायर घेऊन. जिन्याखालीच चाक खोललं, टायर चढवला, हवा भरली, आणि सवयीने तिच्याकडे पाहिलं. तिने पितळी गेज लावला. पंचेचाळीस. तिचा अंगठा आपोआप हवा सोडायच्या खिळीवर गेला. क्षणभर तिथेच राहिला. मग तिने गेज काढून घेतला.

"बरोबर आहे, काका," ती म्हणाली.

आईने वरून विचारलं, "झालं का तुमचं?"

"झालं, वहिनी," मिस्त्री म्हणाला, आणि हळू आवाजात तिला, "तो गेज तुमच्याकडेच ठेवा. गाडी तेवढी नेतो."

तो गाडी ढकलत गल्लीच्या वळणापर्यंत गेला, तिथे गाडीवर बसला. हँडल त्याने एका हाताने वळवलं, सहज. ती वही घेऊन जिन्याच्या मधल्या पायरीवर बसली. 'पुरे'च्या खाली तिने तारीख घातली, गाडीचा आकडा लिहिला, आणि त्यापुढे: "पुढे हवा छत्तीस. गेज नऊ पौंड जास्त दाखवतो."

बाबांनी लिहिलं असतं तसं, कोरीव अक्षरात, खाडाखोड न करता.