उतारावर, ढकलल्यावर

"एकशे तीस? जाईल की! उतारावर. आणि मागून चौघांनी ढकलल्यावर," फोटोवाला म्हणाला.

मोटारसायकलची टाकी पुसणाऱ्या दाजींचं फडकं थांबलं नाही. "तुझी एकशे चाळीस जाते ना, ती टेम्पोत चढवल्यावर."

हे भांडण मी ताईच्या लग्नापासून ऐकत आलो आहे. दाजी पाण्याचे पंप दुरुस्त करायचे, फोटोवाल्याचा पुढच्या वळणावर स्टुडिओ. दोघांनी तरुणपणी क्रूझर मोटारसायकली घेतल्या. लांबलचक, ऐसपैस, पाय पुढे पसरून बसायच्या. दाजींची काळी, फोटोवाल्याची तांबडी. जास्तीत जास्त वेग किती, हे दोघांनी आपापल्या माहितीपत्रकात वाचलेलं आणि दुसऱ्याचं माहितीपत्रक खोटं ठरवलेलं. शर्यत मात्र कधी लागली नाही, कारण काटा साठच्या पुढे गेला की ताई मागून दाजींची कॉलर ओढायची.

यंदा दाजींना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. चालणं-बोलणं सुधारलं, डाव्या हाताची बोटं तेवढी उशिरा मिटू लागली. क्लच त्याच हातात. गाडी विकायची ठरली, सोमवारी गिऱ्हाईक ती न्यायला येणार होतं.

"एकदा बघू दे ना," रविवारी सकाळी दाजी ताईला म्हणाले. "गाडी गेली की हा जन्मभर एकशे चाळीस सांगत बसेल."

ताई बराच वेळ भांडी लावत राहिली. मग म्हणाली, "हा मागे बसणार असेल तर जा."

हा म्हणजे मी.

"आणि कॉलर ओढायची. विसरू नकोस."

माझा जन्म ग्रंथालयात गेला. गाडीवर मी नेहमी मागेच बसलो, तेही डोळे मिटून. अशा माणसाला पंच का केलं, कोण जाणे.

"पुस्तकाला मागे घेतलंस?" फोटोवाला म्हणाला. 'पुस्तक' हे त्याने मला ठेवलेलं नाव. "म्हणजे हरलास की वजनाचं निमित्त!" त्याने कुठूनसं वाळूचं पोतं आणून स्वतःच्या मागच्या सीटवर आवळलं. "झाली बरोबरी. फक्त हे जरा जास्त बोलतं."

बंद गिरणीमागे सरळ, रिकामा रस्ता आहे. पाण्याच्या टाकीपासून पुलापर्यंत जायचं ठरलं. दोन्ही गाड्या सुटल्या. वाऱ्याने माझा चष्मा नाकावर थरथरू लागला. काटा साठवर आला तेव्हा मी दाजींची कॉलर धरली. ओढली नाही, नुसती धरून राहिलो. सत्तर. ऐंशी. तांबडी अर्ध्या चाकाने पुढे होती.

दाजी शेवटचा गिअर टाकायला गेले आणि बोटं मिटलीच नाहीत. गिअर करकरला, गाडीने हिसका दिला. फोटोवाल्याने वळून पाहिलं. आधी दाजींच्या चेहऱ्याकडे, मग हाताकडे. त्याच्या उजव्या हातातली अ‍ॅक्सिलरेटरची मूठ हळूच सैल पडताना मला दिसली. आम्ही पुढे निघालो.

"सोडतोय मला!" दाजी ओरडले. "इतकी वर्षं एक आकडा सोडला नाही, आणि आता दया करतोय हरामखोर!"

त्यांनीही वेग कमी केला. तांबडी पुढे गेली. फोटोवाल्याने आणखी कमी केला. दाजींनी त्याहून. पूल समोर दिसत होता आणि दोघांपैकी कुणीच आधी पोचायला तयार नव्हतं. शेवटी गाड्या डुगडुगू लागल्या. मागून सायकलवरून एक दूधवाला घंटी वाजवत आला.

"काका, पेट्रोल संपलं काय?"

"दिसत नाही? शर्यत चाललीय! बाजूला हो!" फोटोवाला खेकसला.

दूधवाला आम्हाला मागे टाकून पूल ओलांडून गेला. दोघांनी पाय टेकले. दाजींना हसू आवरेना. फोटोवाला पोत्यावर डोकं टेकून हसत राहिला. मग दाजींनी डावा हात क्लचवरून काढला, उलटसुलट करून पाहिला आणि खिशात घातला.

"कुणाची जास्त पळाली?" घरी ताईने विचारलं.

"दूधवाल्याची," मी म्हणालो.

सोमवारी गिऱ्हाईक आलं. तरतरीत पोरगा होता. "काका, किती जाते हो?"

दाजींनी तोंड उघडायच्या आत फोटोवाला म्हणाला, "एकशे तीस. मी पाहिलंय."

दाजी त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी किल्ली दिली.

त्या संध्याकाळी मी आणि दाजी पायरीवर बसलो होतो. स्टुडिओ बंद करून फोटोवाला रोज दारावरून जायचा, त्याच्या आधी तांबडीचा आवाज यायचा. आज आवाज आला नाही. कोपऱ्यावरून तो चालत आला. गाडी मुद्दाम बंद ठेवून, हँडल धरून, ढकलत. एवढं वजन त्याच्या वयाला झेपणारं नव्हतं. आमच्याकडे न बघता तो पुढे सरकू लागला.

"चालू कर," दाजी म्हणाले. "नाहीतर लोक म्हणतील, याची ढकलल्यावरच एकशे चाळीस जाते."

फोटोवाला थांबला. बाहीने तोंड पुसलं. खूप वेळ लावून सीटवर बसला आणि किक मारली. गल्ली आवाजाने भरून गेली.

दाजींच्या गुडघ्यावर डाव्या हाताची बोटं क्लच दाबल्यासारखी हळूहळू मिटली. पलीकडे गिअर पडला. तांबडी वळणाआड गेली, मग ती बोटं सावकाश उलगडली.