तीन नंबरच्या मशीनमधली नदी

माझ्या आत्याला दोन नोकऱ्या आहेत. सकाळ-संध्याकाळ ती व्हिडिओ गेमचं दुकान चालवते. दुपारी एक ते चार शटर अर्धं ओढून झोपते आणि झोपेत नाव चालवते. दुसऱ्या नोकरीला सव्वीस वर्षं झाली. तिथे मान जास्त आहे असं ती म्हणते, आणि ते पटण्यासारखं आहे, कारण पहिलीतला मान म्हणजे "ओ मावशी, बटण अडकलंय."

दुकानात नऊ जुनी मशीन आहेत, कपाटाएवढी. आत्याची फोल्डिंगची खाट तीन नंबरच्या मशीनला लागून असते. त्या गेममध्ये एक बादली ढगांवरून उडत जाते आणि चांदण्या गोळा करते. का, ते कुणी विचारलेलं नाही. कुणी खेळत नसलं की मशीन स्वतःशीच खेळतं आणि एक धून वाजवत राहतं. वर घंटा, त्याखाली बासरीसारखं काहीतरी, आणि अगदी तळाशी कुणीतरी मोठा पत्रा सावकाश हलवतंय असा आवाज. आत्या त्या धुनीत आडवी होते आणि दुसरं कडवं येईपर्यंत नदीवर पोचलेली असते. स्वप्न रोज तेच. म्हणजे तेच नाही, त्याच्या पुढचं. काल जिथे सोडलं तिथून.

घंटा वाजते खरी, पण मशीनमध्ये घंटा नाही. एक चिप आहे, बोटभर लांब, चोवीस पायांची. तिच्यात कुठलाही आवाज साठवलेला नसतो, नुसत्या लहरी असतात आणि एक लहर दुसरीला ढोसत राहते. हळू ढोसलं तर दुसरी थरथरते. सेकंदाला शेकडो वेळा ढोसलं तर ती वैतागून घंटा होते. प्रमाण बदललं की बासरी, आणखी बदललं की पत्रा. सतत कुणीतरी मागे लागलं की भलतंच काहीतरी बनावं लागतं, हे मला वेगळं शिकवावं लागलं नाही. मी इंजिनिअर आहे.

गेल्या महिन्यात ती चिप खरखरायला लागली. मी बोर्ड काढला, टूथब्रशनं धुतला, नवी चिप घातली. चिपशेजारी पत्र्याच्या इवल्या डबीत एक क्रिस्टल असतो. तो ठोके देतो आणि त्या ठोक्यांवर चिप चालते. बोर्डावर छापलेला आकडा एक होता आणि बसवलेल्या क्रिस्टलवरचा दुसराच. कुण्या गाढवानं चुकीचा घातलाय, असं मी मोठ्यानं म्हणालो. बरोबर आकड्याचा मागवून बसवला, जुना केरात टाकला, केर त्याच दिवशी गेला. धून जरा भारदस्त झाली. जुन्या मशीनच्या शौकिनांकडची रेकॉर्डिंग लावून ताडून पाहिली, तंतोतंत जुळली. मी आठवडाभर छाती काढून चालत होतो.

पण क्रिस्टल बदलला त्याच दुपारी आत्या उठली ती खाटेवर नुसतीच बसून राहिली.

"काय झालं गं?"

"पाणी घट्ट झालंय."

"टाकीतलं?"

"नदीतलं रे. मधात चमचा घालावा तसं वल्हं रुततंय. आणि नावेत सगळे कसे जाऽऽड आवाजात बोलायला लागलेत. नऊ जण आहेत. मध्यावर अडकलोय."

"मग उद्या पोचाल."

"तुला काय जातंय उद्या म्हणायला? त्यात दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत. पलीकडे पेशंटला 'आ कर' म्हणून बसवलं आणि पकड घ्यायला अलीकडे आल्या होत्या. तो माणूस तिकडे आ करून बसलाय."

"मिटेल की तोंड."

"मिटू नको म्हणून सांगितलंय त्याला. सज्जन माणूस आहे."

अकरा दिवस असेच गेले. आत्या हातभर पुढे जाऊन उठायची. खांदे दुखायचे म्हणून मी मलम चोळायचो. झोपेतल्या कामाच्या दुखण्याला जागेपणी मलम लावावं का, हे कुठल्या पुस्तकात नाही. एकदा मी सुचवलं, नांगर टाक आणि चार दिवस रजा घे.

"नऊ माणसं मध्यावर ठेवून रजा? शिकलेला आहेस म्हणून असलं सुचतं तुला."

बाराव्या दिवशी जेवल्यावर तिनं केस घट्ट बांधले. "आज नाही पोचले तर राजीनामा देणार. काठावर एक खिडकी आहे, तिथे द्यायचा."

"आणि मग दुपारी काय करशील?"

"जागी राहीन," ती म्हणाली. आत्या असं इतक्या हळू कधी बोलत नाही. मग ती आडवी झाली.

थोड्या वेळानं शटरखालून वाकून टीव्हीकाका आत आले. वय अठ्ठ्याहत्तर. पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचे आणि माझ्याआधी ही मशीनही तेच बघायचे. माझा मल्टिमीटर मागायला आले होते. दोन पावलं टाकली आणि थबकले.

"ही धून एवढी म्हातारी कधी झाली?"

"हळू बोला, आत्या कामावर आहे. आणि म्हातारी नाही काका, ओरिजिनल आहे. कुण्या गाढवानं चुकीचा क्रिस्टल—"

"मी."

"अं?"

"ते गाढव मी. बोल पुढे."

मी मल्टिमीटर त्यांच्या हातात दिला.

"सव्वीस वर्षांपूर्वी क्रिस्टल जळाला. तसला कुठे मिळेना. मग मी रंगीत टीव्हीतला घातला. टीव्हीत तो रंगांसाठी असतो. ठोके साधारण पावपटीनं जास्त देतो. सूरही चढला, वेगही वाढला. तुझी आत्या म्हणाली, असू दे, छान वाहतंय."

वाहतंय. मी खाटेकडे पाहिलं. आत्याचे दोन्ही हात चादरीवर मागे-पुढे सरकत होते, चिखलातून काहीतरी ओढून काढावं तसे. कपाळावर घाम. मी मनात हिशेब केला. नदी किती टक्के घट्ट आहे हे मला दशांश चिन्हापर्यंत सांगता आलं असतं, आणि ती घट्ट करणारा मी होतो.

"नवा मागवतो. तीन आठवडे लागतील."

"तीन आठवडे तो माणूस आ करून बसेल?" काका म्हणाले. आत्या त्यांनाही सगळं सांगते, हे मला तेव्हा कळलं. "चल माझ्याकडे."

काकांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. टीव्ही चालू होता. हिरव्यागार मैदानावर तांबड्या कपड्यातली माणसं पळत होती.

"ह्यातला क्रिस्टल काढला तर चित्र जाईल?"

"चित्र राहील. रंग जातील." काकांनी ते मैदान जरा वेळ पाहिलं, जेवण झाल्यावर ताट पाहावं तसं. मग प्लग ओढला. "पाहून झालंय माझं."

क्रिस्टल घेऊन परत आलो तेव्हा पावणेतीन झाले होते. आता खरी पंचाईत. क्रिस्टल बदलायला मशीन बंद करावं लागणार. मशीन बंद म्हणजे धून बंद, धून बंद म्हणजे आत्या जागी, आणि जागी झाली की सरळ राजीनामा.

"धून मी धरतो," काका म्हणाले. "तू क्रिस्टलला डाग दे."

"धरता म्हणजे?"

त्यांनी घसा साफ केला आणि घंटा व्हायला लागले. टिंग, टिडिंग, टिंग. जुन्या चढ्या सुरात, जुन्या वेगात. मी स्विच पाडला. बादली विझली. अंधाऱ्या काचेसमोर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस डोळे मिटून टिडिंग करत होता. पायानं मला ढोसून म्हणाला, "टिंग, पत्रा कोण वाजवणार, टिडिंग?" मग मी तोंडानं पत्रा झालो आणि हातानं डाग देत राहिलो. बासरीला माणूस नव्हता. तिच्या जागी पंखा होता, तो आपलं आपण वाजत होता.

खाट करकरली. मी चोरून पाहिलं. आत्याचे हात मोकळे फिरत होते, लांब, एकसारखे. कपाळावरचे केस मागे उडत होते. पंख्याचा वारा असेल. पंखा त्या बाजूला नव्हता.

डाग बसला. स्विच वर केला. मशीननं एक लांब सूर काढला, बादली उठली आणि धून नेमकी काकांच्या टिंगवर येऊन बसली. काका शेवटचं टिडिंग अर्धवट सोडून स्टुलावर टेकले. दुकानभर पाणी कापल्यासारखा आवाज होता. पाय वर घ्यावेत असं वाटलं, आणि मी घेतले. पाहतो तर काकांनीही घेतलेले.

चारला पाच कमी असताना आत्यानं डोळे उघडले.

"पोचलो," ती म्हणाली. "नऊच्या नऊ उतरवले."

"आणि तो माणूस?"

"आ करूनच होता. पण त्याच्या तोंडात एका पाखरानं घरटं केलंय. अंडी आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिल्लं उडेपर्यंत दाताला हात लावायचा नाही. दुखायचं थांबलंय म्हणे त्याचं. मी रोज दाणे घेऊन जाणार आहे." ती केस सोडून पुन्हा बांधायला लागली. "तोवर राजीनामा नाही."

"कसल्या रंगाची?" काकांनी विचारलं.

"काय?"

"अंडी."

आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं. चार वाजले होते, शटरबाहेर कुणीतरी "मावशी" म्हणत होतं, पण ती उठली नाही.

"निळी," ती म्हणाली. "फिकट, पहाटेसारखी. वर तपकिरी ठिपके. एकावर ठिपका जरा मोठा आहे, शाई सांडल्यासारखा. तीन आहेत."

काकांनी डोळे मिटले आणि सावकाश, एकेक करून, तिन्ही पाहून घेतली.