गुरुवारची फवारणी

मानवी हक्कांचं आणि पर्यावरणाचं रक्षण ही चॉकलेट खाणाऱ्या प्रत्येक माणसाची पवित्र जबाबदारी आहे. घानातल्या आसुओसो गावात ती वर्षातून एकदा, गुरुवारी, अकरा ते एकच्या दरम्यान पार पाडली जाते.

गुरुवार धरणीमातेचा. त्या दिवशी कोकोच्या बागेत कोयता चालत नाही की औषध फवारलं जात नाही. कुणी आगाऊपणा केलाच तर मेंढी द्यावी लागते. अक्र्याहून येणाऱ्या तपासनीस देदेइ मॅडमच्या दौऱ्यात आसुओसोच्या वाट्याला नेमका गुरुवारच यायचा. चार वर्षांत त्यांना बागेत एकही मूल राबताना दिसलं नाही, उघड्या तोंडाने फवारणी करणारा एकही माणूस दिसला नाही. मुळात माणूसच दिसला नाही. गावाचा अहवाल दर वर्षी जिल्ह्यात पहिला.

यंदा मात्र कोको विकत घेणाऱ्या युरोपातल्या कंपनीने तपासणीच्या अर्जात एक रकाना वाढवला: काम चालू असताना प्रत्यक्ष पाहिले का?

सोसायटीचे बोआदूकाका हा पेच घेऊन म्हाताऱ्यांच्या बैठकीत गेले. दोन संध्याकाळी खल झाला. शाळेपुढचा चौथरा सिमेंटचा, तेव्हा तिथे धरणीचा संबंध नाही. बुधवारी तोडून आणलेल्या फांदीला मूळ नसतं, तेव्हा ते झाड धरता येत नाही. आणि पंपात नुसतं पाणी. धरणीमातेने रागवावं असं यात फारसं उरत नव्हतं. तरी तिच्या नावाने थोडी दारू जमिनीवर ओतली आणि बाकीची म्हाताऱ्यांनी आपल्या जबाबदारीवर संपवली.

फवारायला अफ्राकोमाला नेमलं. तिची स्वतःची बाग होती आणि हात सराईत होता. डोळ्यांचं मात्र वाटोळं झालेलं. गेल्या हंगामात फवारणीनंतर आठ दिवस तिला चवळीतला खडा दिसेना. बूट, हातमोजे, मुखपट्टी आणि चष्मा असा एक संच सोसायटीकडे होता, शेतकरी त्रेचाळीस. वापरून खराब होऊ नये म्हणून तो कपाटात कुलूपबंद असे. अफ्राकोमाने दोनदा मागितला, दोनदा किल्ली सापडली नाही. या खेपेला लगेच सापडली.

“घालते,” ती म्हणाली. “पण काका, गावात एवढा एकच आहे हे मी मॅडमना सांगणार.”

“सांग की. खरं बोलायला बंदी आहे का कुणाला? फक्त आधी फोटो होऊ दे.”

गुरुवारी फांदी झेंड्याच्या खांबाला बांधली. एकेका बुटात अफ्राकोमाचे दोन्ही पाय मावले असते. चष्म्यावर वाफ धरली, म्हणून ती अंदाजाने फवारत राहिली आणि हेडमास्तर भिजले.

“अगं, झेंड्याला कीड लागलीय का?” कडेला बसलेल्या एकीने विचारलं.

“ये पुढे. तुझ्या जिभेवरही मारते, तिथली कीड फार पसरलीय.”

फोटो झाला. चष्मा काढून अफ्राकोमा मॅडमसमोर उभी राहिली, आपले लाल डोळे दाखवले आणि सगळं सांगितलं. बाई भल्या होत्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग टॅबलेट काढला.

“मावशी, इथे हो की नाही एवढंच विचारलंय. संच उपलब्ध आहे का?”

“एक आहे.”

“म्हणजे आहे.”

“त्रेचाळीस जणांत, मॅडम.”

मॅडमनी त्रेचाळीस हा आकडा तीन ठिकाणी घालून पाहिला, टॅबलेट घेईना. शेवटी त्यांनी तो तळाशी, ‘इतर’ या रकान्यात सविस्तर लिहिला आणि वाचूनही दाखवला. अफ्राकोमाला बरं वाटलं. तिने त्यांना जेवायला नेलं, भुईमुगाच्या रश्शात चांगला मोठा मासा वाढला. तोवर काकांनी ओले बूट कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं.

तीन महिन्यांनी अहवाल आला. काकांनी तो गोदामाच्या दारावर चिकटवला. अफ्राकोमाला अक्षरं आता धूसर दिसत, म्हणून हेडमास्तरांनी वाचून दाखवला.

इतर: लागू नाही. पूर्ण संरक्षक साधने वापरणारे शेतकरी: शंभर टक्के. पाहणी केलेले शेतकरी: एक.